ओवीचं पीठ

आमच्या समूहगानात खर्जात गाणाऱ्यांच्या रांगेत एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे असतात. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तालमीला दहा मिनिटं आधी येणार, आणि कुणी "छान झालं" म्हणालं की फक्त "बघू" म्हणणार.

यंदा एका जपानी अंगाईबरोबर आम्ही जात्यावरची ओवी चार आवाजांत बसवत होतो. जपानी अंगाई नीट जमली. ओवी मात्र सारखी पळायची. एका रविवारी हे गृहस्थ रिक्षातून आपल्या आईचं जातं आणि किलोभर ज्वारी घेऊन हजर!

"अहो, तुमच्यापैकी कुणी कधी दळलंय का? बसा."

गाणं बसवणाऱ्या बाईंनाच त्यांनी खाली बसवलं आणि खुंटा हातात दिला. बाई दळत दळत गायल्या, तशी लय आपोआप खाली आली. गृहस्थांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं.

"भरड आहे. अजून घाई होतेय."

मग दर रविवारी आळीपाळीने दळण सुरू झालं. माझे दंड सोमवारपर्यंत दुखायचे.

कार्यक्रमात ओवी संपली, टाळ्या पडल्या. मी हळूच शेजारी पाहिलं. ते रिकामी चिमूट चोळत होते.

"बारीक आलं," म्हणाले.