मनातल्या मनात वाचायचा मजकूर

मिसिसिपीतल्या आमच्या काळ्या लोकांच्या चर्चात कुणीही गेलं की अंत्यविधीची पत्रिका लव्हेलच टाइप करायचा. चर्चच्या कचेरीत वीस वर्षं झाली होती त्याला. मृताची माहिती इथं मोठ्यानं वाचत नाहीत, ज्यानं त्यानं मनातल्या मनात वाचायची. गावाच्या पथ्यावरच पडतं ते! एचआयव्हीनं गेलेल्या नऊ पुरुषांसाठी लव्हेलनं एकच ओळ टाइप केली होती: अल्पशा आजारानं निधन.

दहावा कोर्टेझ. अकरा वर्षं त्यानं आणि लव्हेलनं संसार केला. गावाच्या लेखी कोर्टेझ लव्हेलचा भाडेकरू. गावातल्या डॉक्टरनं त्याला वर्षभर खोकल्याचं औषध पाजलं, रक्त काही तपासलं नाही. खरा दवाखाना ऐंशी मैलांवर, जॅक्सनला. बस बंद पडलेली. कोर्टेझ कामाला होता त्या मासे साफ करायच्या कारखान्यात तीन खाडे झाले की नाव कमी. औषधाच्या दुकानात आमच्या पाद्रीची, रेव्हरंडची, मेहुणी बसायची, म्हणजे तिथून गोळ्या घेणं आणि दवंडी पिटणं एकच. आणि वर हीच माणसं म्हणणार, असल्यांना जिवाची पर्वाच नसते!

शुक्रवारी कोर्टेझची आई, मिस अर्लीन, मजकूर तपासायला आली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"अल्पशा? चार वर्षं रे, बाळा!"

"रेव्हरंडना असंच लागतं, मिस अर्लीन."

"रेव्हरंडनी काढल्या होत्या का त्याच्या उलट्या? सोमवारी पहाटे उठून जॅक्सनला कोण न्यायचं त्याला?"

"मी."

"मग तसं लिही."

"नोकरी जाईल माझी."

ती जागची उठली नाही. लव्हेलला रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. शेवटी त्यानं टाइप केलं: 'चार वर्षं एचआयव्हीशी झगडला. दवाखाना ऐंशी मैल लांब होता. लव्हेल त्याला घेऊन जायचा.'

शनिवारी चर्चात नुसती पानं वाजली. रेव्हरंडनी चष्मा काढून पुसला आणि लव्हेलकडं बघितलंच नाही. मागच्या बाकावर लव्हेलला वाटलं, नोकरीचं काय व्हायचं ते होवो, सोमवारी आपण झोपून राहू. आता कुठं जायचं नाही.

बाहेर ओडेल जवळ आला. चर्चात गाणारा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. पत्रिकेच्या त्यानं चार घड्या घातल्या होत्या.

"लव्हेलभाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "गाडीत आता एक जागा रिकामी असेल ना?"

लव्हेलनं डोळे मिटले. फार थकला होता तो.

"सोमवारी पहाटे पाचला ये," तो म्हणाला.