फुकट सेवेचा गुन्हा

१ ऑक्टोबर २०१३, मंगळवार. अमेरिकी संसदेने खर्चाला मंजुरी न दिल्यामुळे कॅन्ससमधील आमच्या सरकारी गहू संशोधन केंद्राला टाळे लागले. त्याच केंद्रात मी आकडेवारीचे काम करतो. परंतु ही तक्रार माझ्यासाठी नाही, ट्वायला श्रागसाठी आहे.

ट्वायला मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या घराण्यातली. खोटे बोलणे तिला कोणी शिकवलेच नव्हते. तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू काढण्यासाठी तिने नऊ वर्षे संकर केले. टाळे लागण्याच्या आदल्याच दिवशी तिने काचघरातील ओंब्यांचे पुंकेसर चिमट्याने काढून त्यांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या. अशा ओंबीला काही दिवसांत दुसऱ्या रोपाचे परागकण मिळाले नाहीत, तर दाणा धरत नाही.

कायदा स्पष्ट आहे. अशा काळात जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणापुरतेच काम चालते. इतरांना फुकट राबण्याचीही मुभा नाही. त्यामुळे काचघर सांभाळणाऱ्या आर्वेलला पगाराविना कामावर बोलावले गेले आणि ट्वायलाला पगाराविना घरी बसवले गेले. पाणी घालणे हे रक्षण. पराग घालणे हे संशोधन.

तिसऱ्या दिवशी ती काचेबाहेर येऊन उभी राहिली.

"मी पाणी घालतो, तू तिथूनच शिव्या घाल," आर्वेल म्हणाला.

"येत असत्या तर घातल्या असत्या. दार उघड."

त्याने उघडले. ओंब्यांवर पराग घालून ती घरी गेली.

टाळे निघाल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत, कोणी विचारलेले नसताना, तिने हे सांगून टाकले. केंद्रप्रमुख डॉ. रेनर पांढरे पडले. कारण या कायद्याने दोषी ठरतो तो फुकट सेवा स्वीकारणारा अधिकारी. आपण ती स्वीकारली नाही, हे दाखवण्याचा त्यांना एकच मार्ग सुचला: दाणा भरू लागलेल्या त्या ओंब्या कापून टाकणे.

कात्री आर्वेलच्या हाती आली. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"लपवून काढलेला गहू शेतकऱ्याला कुठल्या तोंडानं देऊ? काप. शेजारच्या रोपांना धक्का लावू नकोस."

घरी बसल्याचा पगार पुढे आम्हा सर्वांना मिळाला, तिलाही. सरकारने नाकारले ते फक्त तिचे काम.

वाचकहो, सुरू झालेला जिवंत प्रयोग हीदेखील मालमत्ता आहे, एवढे एक वाक्य या कायद्यात घालायला हवे. आपापल्या लोकप्रतिनिधीला तसे लेखी कळवा.