धोतरात अडकलेला गोल

बायको गेली त्या वर्षी, २००६ साली, मुलगा मला अमेरिकेत, पार्सिपनीला घेऊन आला. ती होती तेव्हा रोज चहावरनं नाहीतर पंख्यावरनं भांडण व्हायचं. इथं सगळे गोडच बोलायचे. मी धोतर नेसून पार्कात जाऊन बसायचो.

तिथं एक दांडगा फ्रेंच म्हातारा एकटाच फुटबॉल खेळायचा. गोल झाला की हात पसरून विमानासारखा पळायचा, मग गुडघा धरून खाली बसायचा. सूनबाई पुण्यात फ्रेंच शिकलेली. एकदा ती बरोबर आली, तिनं त्याला विचारून मला सांगितलं, "बाबा, हे तिकडचे मोठे स्ट्रायकर होते. आता रिटायर झालेत."

"मग इथं कुणासाठी नाचतो?" मी म्हटलं.

सूनबाईनं तेही त्याला सांगून टाकलं. त्यानं माझा दंड धरला आणि मला गोलमध्ये उभं केलं. बॉल आला तसे मी डोळे मिटले. उघडले तर बॉल धोतराच्या सोग्यात, आणि मी बॉलसकट रेषेच्या आत उताणा!

तो ओरडला, "गोल!"

"गोल कसला? बॉल माझ्या ताब्यात आहे!"

तो फ्रेंचमध्ये, मी मराठीत, आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो. सूनबाई हसून हसून बेजार. शेवटी तो हळूच काहीतरी बोलला.

"बाबा, ते म्हणतात, खेळ सुटल्यापासून गोलवर भांडणारं कुणी भेटलंच नव्हतं."

मी धोतर झटकलं.

"त्याला सांग, उद्या येतो. आणि तो गोल नव्हता."