पिंपळगावच्या पंगतीतला माझा रुसवा

माझ्या लग्नाच्या पंगतीत माझी जीभ दाताखाली आली. याउपर त्या दिवशी मी काहीही केलेलं नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं वऱ्हाड टेंभुर्णीहून बैलगाड्यांनी पिंपळगाव रेणुकाईला गेलेलं. त्या काळी आमच्याकडे रीत अशी, की नवरदेवानं पंगतीत बसायचं आणि रुसायचं. सासऱ्यानं काहीतरी वस्तू कबूल केली, की मगच घास उचलायचा. पण माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला गाडीतच बजावलं होतं, "रुसायचं बिलकुल न्हाई! गणपतराव गरीब माणूस हाय, पण सज्जन हाय." मी आनंदानं मान डोलावली होती. उपाशीपोटी रुसायला मला तरी कुठं जमणार होतं?

लग्न लागलं, पानं मांडली, बुंदीचे लाडू वाढले. पोटात कावळे ओरडत होते. मी पहिलाच घास असा दणकून चावला, की लाडवाबरोबर जिभेचाही नैवेद्य झाला! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हात पानावरून मागे आला, मान खाली गेली. शेजारी नवरी बसली होती. (नाव विचारू नका, उखाण्याशिवाय घ्यायची सवय नाही.) तिनं तेवढं तिरक्या नजरेनं पाहिलं.

आणि पाहिलं आमच्या सखाराममामांनी.

"अरे, नवरदेवानं हात आखडला!" मामा गरजले. "रुसला!"

"रुसला? कोण रुसला?"

"नवरदेव रुसला! रडून राह्यला बिचारा!"

ही बातमी पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत गेली आणि तिथून मांडवाबाहेरच्या ताशेवाल्यांपर्यंत. मला बोलता येईना, म्हणून मी जोरजोरात मान हलवली.

"बघा! न्हाई म्हणतोय! घासबी घेत न्हाई म्हणतो!" मामांनी उलगडा केला. "मंग नवरदेव उपाशी आन् आपून जेवावं? शोभतं का?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा हात आखडला. (त्या हातातला लाडू मात्र त्यांनी आधी संपवला.)

मामा थांबले म्हणून काका थांबले. काका थांबले म्हणून अख्खी रांग थांबली. समोरच्या रांगेत नवरीकडची मंडळी होती. "जावईच जेवत न्हाई तं आमी कसं जेवावं?" म्हणत तीही थांबली. पानात लाडू, तोंडाला पाणी आणि चेहऱ्यावर रुसवा! कुणाला कशाचा राग आलाय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की शेजारच्याला माहीत असणार.

आबा धावत आले. "तुला सांगितलं होतं ना, रुसायचं न्हाई म्हणून?" ते माझ्या कानात खेकसले. मग त्यांनी मान वर करून पंगत पाहिली. इकडून तिकडे सगळे हात आखडलेले. आबांचा आवाज खाली आला. "पण एवढी माणसं थांबली म्हंजी तसंच काहीतरी झालं आसंल. बस मंग. नीट रूस!"

खरं सांगतो, तोवर जिभेची कळ ओसरली होती. "जीभ चावली हो!" एवढंच बोललो असतो तर खेळ खलास. पण एवढी वडीलधारी मंडळी माझ्यासाठी उपाशी बसलेली. त्यांना सांगू काय, की हे सगळं एका जिभेपायी? शिवाय मला आता शंका येऊ लागली. इतके लोक म्हणतात, म्हणजे कुठंतरी माझा अपमान झाला असेलच. माझ्याखालचा पाट जरा डुगडुगत होता खरा...

एवढ्यात मामा कानाला लागले. "कशावर रुसलास ते मला तरी सांग! मघापासून तुझ्यासाठी भांडून राह्यलो!"

"आबांना विचारा," मी म्हणालो.

आबा म्हणाले, "मला काय विचारता? सुरुवात तुमी केली."

मामा म्हणाले, "मंग आत्याबाईला म्हाईत आसंल."

आत्याबाई म्हणाली, "घड्याळावर रुसला." तिच्या मागून कुणी म्हणालं, "सायकलीवर." एकानं तर घोडी मागितली! (मी घोड्याला भितो. वरातीतसुद्धा मला दोघांनी धरलं होतं.)

मग माझे सासरे गणपतराव आले. उपरणं हातात, हात जोडलेले. "जावईबापू, माझं काय चुकलं? घड्याळ, सायकल मला झेपणार न्हाई. पण तुमाला रिकाम्या हातानं बिलकुल धाडणार न्हाई." असं म्हणून ते गोठ्याकडे गेले आणि स्वतःच्या औताचा पांढरा बैल सोडून थेट मांडवात घेऊन आले! पेरणी तोंडावर आलेली. जोडीतला एक बैल मला दिला, तर हा माणूस शेत कशानं पेरणार होता? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोलायचंच, म्हणून मी तोंड उघडलं.

मामांनी माझा गुडघा दाबला. "गप! दुसराबी सोडतेत!"

आणि मी तोंड मिटलं. हो, मिटलं!

वाचवलं ते आमच्या रामजीआजानं. आजा ठार बहिरा. पंगतीच्या टोकाला बसून, रुसवाबिसवा काहीही कानावर न आल्यामुळे, तो मघापासून एकटाच निवांत जेवत होता. भात संपला तशी त्यानं मान वर केली आणि मांडवात बैल पाहिला.

"आरं, बैलाला पंगतीत बसवून राह्यलेत काय?" आजा ओरडला. "बसवा, पण आधी मला कढी वाढा!"

सगळा मांडव खो खो हसला. कुणीतरी म्हणालं, "आजा जेवून राह्यला म्हंजी मिटलं वाटतं!"

"मिटलं? मिटलं का?"

"मिटलं, मिटलं! जेवा जल्दी!"

आणि अख्खी पंगत पानांवर तुटून पडली. मामा तर सगळ्यांत आधी! सासऱ्यांनी डोळे पुसले आणि बैल गोठ्यात नेऊन बांधला. काय मिटलं, हे त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

राहिलो मी. रुसलेल्या नवरदेवानं मनधरणीशिवाय जेवायचं कसं? आणि मनधरणी करणारे सगळे जेवत होते. लाडवांचं ताट माझ्यासमोरून पुढं गेलं.

तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला. "जीभ लई दुखती का?"

मी चाटच पडलो. "तुला ठाऊक होतं?"

"दिसलं की. पण एवढी मोठी माणसं रुसला म्हणत होती, मंग मला वाटलं, माझीच नजर चुकली." आणि तिनं आपल्या पानातला लाडू हळूच माझ्या पानात सरकवला. तो लाडू मला फार गोड लागला, हे उघड सांगतो.

आता आमची नातवंडं लग्नाची झाली. अजूनही चार माणसं जमली, की माझ्या रुसव्याची गोष्ट निघते. पहिली काही वर्षं मी "जीभ, जीभ!" म्हणून ओरडत असे. मग आबा म्हणायला लागले, रुसलाच होता. आत्याबाईनं शपथ घेतली. परवा तर आमची हीसुद्धा म्हणाली, "न्हाई हो, तुमी रुसलेच होते!"

हल्ली मलाही पक्कं आठवतं, की मी रुसलो होतो. फक्त कशावर, ते अजून त्यांच्यात ठरायचं आहे. ठरलं की मला सांगतील, म्हणजे मग मला तेही आठवेल!