डाव्या पाकळीवरचा अंगठा

आम्ही मानपाड्याचे. आमच्या घरात गावदेवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. जमीन विकायची, पोरीचं लग्न ठरवायचं, सगळ्याला कौल. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझी भाची समीक्षा याला खो खो हसायची. युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेलेली, हसणारच!

त्या दुपारी तिचाच फोन. युद्ध सुरू होऊन आठ दिवस झालेले.

"आत्या, आम्हा मुलांना सीमेवर न्यायला बस आलीय. अर्ध्या तासात सुटेल. पण हॉस्पिटलच्या तळघरात चौदा जखमी आहेत आणि नर्स एकच. मी मदत करतेय त्यांना. मला घरी यायचंय गं, खूप भीती वाटते. पण यांना टाकून कशी येऊ? डोकं चालत नाही माझं. निघू का, देवीला विचार. आणि फोटो पाठव, तुमचा काय भरवसा!"

माझा भाऊ धाकू, तिचा बाप, गुरवाला घेऊन देवळात धावला. मी मागोमाग. पाकळ्या लागल्या. मी मनात ओरडत होते, उजवी पाड गं बये, उजवी! पडली डावी. धाकू मटकन खाली बसला. गुरव त्याच्यासाठी पाणी आणायला गेला.

आमचीच पोर दिसली हिला? माझं टाळकंच सरकलं. बायकांनी गाभाऱ्यात जायचं नसतं, गेले. पण मेली सवय जाते कुठे? आधी देवीच्या कुंकवाने माखलेल्या पायांवर हात ठेवून माफी मागितली. मग डावी पाकळी उचलून परत खांद्यावर दाबून बसवली, उजवी खाली टाकली आणि फोटो काढला. समीक्षाला पाठवला, तिच्या आईला, शेवंती वहिनीलाही पाठवला. 'उजवी पडली. पळ!' धाकू सगळं बघत होता.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. बस सुटायला चार मिनिटं राहिलेली, तेव्हा मेसेज आला.

'आत्या, डाव्या पाकळीवर कुंकवाचा अंगठा उमटलाय तुझा. आधी पाया पडलीस ना? मी थांबते. बाबांना सांभाळ.'

मी फोन लावला. लावतच राहिले. बंद.

तेवढ्यात शेवंती वहिनी ओटीचं ताट घेऊन धापा टाकत पायऱ्या चढून आली. "निघाली ना माझी बाय?"

धाकूने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा मुठीत दाबून धरला.

"थांबली ती, वहिनी," मी म्हटलं. "मीच थांबवली."