अप्पांची आरशाची डबी

केजच्या बसस्थानकावर उभा असताना अप्पांच्या मुलाचा, बसवराजचा फोन आला. "सर, सकाळी अप्पा गेले." मी त्याला, बसला अजून अर्धा तास आहे, असं काहीतरी सांगितलं. घाटनांदूरला पोहोचलो तेव्हा अप्पांना लिंगायत रीतीनं विभूती लावून बसवलं होतं. हात मांडीवर होते. मी चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडेच जास्त बघत होतो. समाधी दिल्यावर लोकांनी मला दोन शब्द बोलायला लावले, तर मी म्हणालो, असा कारागीर पुन्हा व्हायचा नाही, फक्त शेवटी हातानं दगा दिला. सगळ्यांनी माना हलवल्या. ते खोटं होतं. सव्वा महिना झाला, अजून कोणाला सांगितलेलं नाही... म्हणून हे लिहितो आहे.

मन्मथअप्पांचं लेथचं दुकान होतं. पाण्याच्या मोटारींचे शाफ्ट, रसवंतीचे रोलर असलं काम. मी विज्ञानाचा शिक्षक. निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली आणि शनीचा फोटो काढायचं वेड लागलं. एवढं मोठं करून बघताना कॅमेऱ्याला आभाळाचा अगदी चिमूटभर तुकडा दिसतो. ग्रह त्यात आणावा तर सापडत नाही, सापडला तर सरकून निघून जातो. अप्पा दोन दिवस गच्चीवर येऊन माझी झटापट बघत होते. "सर, ग्रह हाय का म्हैस हाय? दावणीला उभाच ऱ्हाईना," म्हणाले. मी सांगितलं, यासाठी दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची आरशाची डबी मिळते, मागवतो. आरसा खाली असला की उजेड डोळा लावायच्या भिंगाकडे वळतो. ग्रह तिथल्या तारांच्या फुलीवर आणायचा, आरसा उचलायचा, की उजेड सरळ कॅमेऱ्यात. अप्पांना राग आला. "मागवता कावून? आमी काय मेलोत का?"

पितळेच्या ठोकळ्यातून त्यांनी ती डबी कोरून काढली, आतबाहेर काळा रंग दिला. आरसा ज्या पिनेवर फिरायचा ती सुईएवढी पिन त्यांनी सात वेळा केली. दिवेलागणीला माझ्या गच्चीवर आरसा उचलला, तर कडी घातलेला शनी लॅपटॉपच्या ऐन मधोमध. अप्पा पडद्याजवळ जाऊन बघून आले. मग त्यांनी एकच नियम घालून दिला: दुर्बिणीची नळी हलवायच्या आधी डबी काढायची. मला, शिक्षकाला, त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला.

एका संध्याकाळी भुरभुर सुरू झाली म्हणून मी डबीसकट नळी उचलली आणि जिन्याच्या कठड्यावर आपटली. डबीचा कोपरा चेपला. दुसऱ्या दिवशी मी त्यावर काळा रंग लावला. का लावला? खरंच सांगता येत नाही. अप्पा रागावले नसते, हसले असते फार तर. पण त्यानंतर आरसा दर वेळी वेगळ्या जागी बसू लागला. ग्रह फुलीवर असायचा आणि कॅमेऱ्यात काळोख. अप्पांनी नवी पिन केली, तरी तेच. चेपल्यामुळे पिनेचं भोकच वाकडं झालं होतं, हे मला कळत होतं. ते मात्र आपला पंजा उजेडात धरून बघत बसले. "हात गेला सर माझा."

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणालो, "वय झालं अप्पा. व्हायचंच."

ते डबी घेऊन घरी गेले. महिन्याभरात लेथ बसवराजकडे सोपवला. नंतर दोन वर्षं दारातल्या खुर्चीवर बसून असायचे, मी गेलो की चहा मागवायचे, डबीचं नाव कधी काढायचे नाहीत. मीही नाही.

तेराव्यानंतर बसवराजनं डबी आणून दिली, अप्पांच्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. त्या कोपऱ्यावरचा माझा रंग खरवडलेला होता. चेप कानशीनं घासून सपाट केलेला, भोकात नवीन बुश, म्हणजे पिन सरळ धरणारी बारीक नळी. सगळी डबी काळी आणि तेवढाच कोपरा पिवळाधमक. हे कधीचं काम, असं बसवराजला विचारलं. त्याला सांगता येईना. अप्पा दुपारी कधीकधी लेथवर बसायचे, म्हणाला.

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी? लेथ सोडल्यावर कळलं, तर धंदा परत हाती का घेतला नाही? आधीच कळलं होतं, तर मग हात गेला असं माझ्यासमोर का म्हणाले... मी बोलावं म्हणून? की मला बोलावं लागू नये म्हणून? कधी वाटतं त्यांनी मला माफ केलं, कधी वाटतं दोन वर्षं ते नुसती वाट बघत होते. एक गोष्ट नक्की आहे, आणि तीच नोंदवायची आहे: त्या बुशला केसाएवढीही ढील नाही. मन्मथअप्पांचा हात गेला नव्हता.

काल संध्याकाळी शनी फुलीवर आणला, आरसा उचलला. ऐन मधोमध आला. फोटो काढायचं राहूनच गेलं. तो पडद्यावरून सरकत कडेला जाईपर्यंत बघत राहिलो. मग आधी डबी काढली, खिशात ठेवली, आणि नंतर नळी उचलली.