दादांच्या गाडीचं हाफ इंजिन

दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठी पिंड मांडून आम्ही लांब उभे होतो आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते. पिंडाशेजारी भात, जिलेबी आणि दादांना आवडायची ती ओतूरच्या बाजारातली भजी ठेवली होती. दादा म्हणजे माझे वडील. मामा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "दाजी, ताईची काळजी करू नका. आमी हाये." कावळे ढिम्म. ऊन चढत होतं. मला भूक लागली होती, बाकी काही वाटत नव्हतं.

मग दादांचे एक जुने दोस्त म्हणाले, "गाडीत जीव आडाकला आसंल राव त्येंचा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "दादा, गाडी चालू करतो." एक कावळा खाली उतरला आणि भजं घेऊन गेला. लोक हुश्श करून आंघोळीला वळले. माझा कावळ्यांवर विश्वास नाही. पण एवढ्या भावकीदेखत दिलेला शब्द भजं घेऊन उडून जात नाही.

आई तर त्या शब्दाला धरूनच बसली. मी चाकणला कंपनीत, तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. आई पिंपरी पेंढारला, गावाबाहेर मळ्यातल्या घरात, आता एकटी. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की दारं लावून बसायचं, शेजारी हाकेच्या अंतरावर पण हाकेला बाहेर कोण पडणार? संध्याकाळी तिने फोन उचलला नाही की मला धड जेवण जायचं नाही. तिला चाकणला न्यायचं हे मामांनी ठरवलं, मी ठरवलं, सगळ्यांनी ठरवलं. आई म्हणाली, "गाडी चालू झाल्याबिगर मी हलायची न्हाई. शब्द दिलाय तू." म्हणजे आईला हलवायचं तर आधी गाडी हलवायला हवी होती.

गाडी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, दोन सायलेन्सरची, जिच्यात किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. कम्प्रेशन गेलं होतं, नुसत्या किकने चालू व्हायची नाही. दादा ती घरासमोरच्या उतारावर ढकलत न्यायचे, पळता पळता वर बसायचे आणि ती खोकत खोकत सुरू व्हायची. "दिवाळी झाली की हाफ इंजिन काढू," हे मी किती दिवाळ्या ऐकलं. हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचं वरचं काम: हेड, बोअर, पिस्टन, रिंगा. खालच्या भागाला हात लावायचा नाही. दादांच्या मते हे काम घरी करायचं असतं, गॅरेजवाल्याला गाडी दिली की ती त्याची होते.

शनिवारी कंपनी सुटली की मी पेठ, मंचर, नारायणगाव करत घरी यायचो आणि रविवारी पडवीत गोणपाट अंथरून बसायचो. हेडचे नट सोडले. आत कोळशाचा जाड थर होता, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते लोखंडी नळकांडं, वर ओढून काढला तेव्हा पिस्टन एका बाजूने पार घासलेला दिसला. खाली इंजिनाचं तोंड उघडं राहतं, त्यात नट नाहीतर पिस्टनचं लॉक पडलं की पुरं इंजिन खोलावं लागतं, म्हणून फडकं कोंबतात. आईने दादांचं जुनं बनियन दिलं. त्याला अजून त्यांचा वास होता. मी ते नीट घडी करून कोंबलं आणि पुढच्या कामाला लागलो. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. गावातही बोललं जात होतं, पोरगं लई घट्ट हाय, डोळ्यातून टिपूस न्हाई. घट्ट वगैरे काही नव्हतो. आत कुणी घरात नसल्यासारखं वाटायचं, एवढंच.

नारायणगावच्या लेथवर बोअर आतून कातून घेतला, एक साइज मोठा पिस्टन घेतला. बोअरला आतून ऑइल फासून, वर्तमानपत्रात गुंडाळून पडवीत ठेवला आणि चाकणला गेलो. पुढच्या आठवड्यात येऊन बघतो तर बोअर तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात पालथा. आईने तो बंबाच्या राखेने आणि काथ्याने आतून-बाहेरून लख्ख घासला होता, वर पाण्याने विसळून हळदीकुंकू लावलं होतं. बाहेरून अगदी समईसारखा. आत मात्र ऑइल गेल्यामुळे लालसर गंज धरला होता.

"लई त्येलकट व्हता," आई म्हणाली. "म्हणलं नवं सामान घालायचं तर घाण कशाला ऱ्हाऊ द्यायची?"

मी बोअर उजेडात धरून फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"गंजला का रं?"

"हो."

"मग वरड की. तुझ्या दादांनी वाडा डोक्यावर घेतला आसता."

मला ओरडायचं काहीच कारण सापडेना, खरं तर शोधायचाही कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी बोअर परत लेथवर नेला. लेथवाला पोट धरून हसला. म्हणाला, "भाऊ, बोअरची भांडी करणारी आई आमी पयल्यांदाच बघितली." त्याने गंज साफ करून दिला. मीही हसलो, म्हणजे हसायला हवं होतं म्हणून.

त्याच रविवारी दुपारी जोडणी केली. रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेचं तोंड बरोबर तिच्यावर बसवावं लागतं, नाहीतर बोअर खाली सरकवताना रिंग तुटते. बनियन ओढून काढलं, रिंगा बोटांनी दाबून धरल्या आणि बोअर हळूच खाली बसवला. हेड आवळलं. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्तच घातलं. ऊन उतरलं होतं. आई आत स्वयंपाकाला लागली होती. तिसऱ्या-चौथ्या किकला गाडीने निळा धूर सोडला आणि चालू झाली, न ढकलता, जागेवर.

नवा पिस्टन, म्हणून हळूहळू रस्त्यापर्यंत नेली आणि वळवून आणली. मळ्यातल्या वाटेवर आंब्याजवळ एक खड्डा आहे, तिथे आवाज कमी करावाच लागतो, मग घराच्या चढाला परत वाढवावा लागतो. दादा यायचे तेव्हाही अगदी असाच आवाज यायचा. मी अंगणात येऊन थांबलो तोवर आई दारात आली होती. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. खाली बघतच ती पायऱ्या उतरली आणि तांब्या पुढे केला. मग तिने वर पाहिलं.

गाडी अजून धडधडत होती. "बंद कर," ती म्हणाली. मी बंद केली.

आई पायरीवर बसली. म्हणाली, "खोललेली व्हती तवर बरं व्हतं. मी म्हणायची, गाडीच न्हाई, तर माणसानं यायचं कशावर." पदराने तिने तोंड पुसलं. "आता गाडी आली आन् ते न्हाई आलं. येती मी तुझ्यासंगं. हितं काय ऐकायला ऱ्हाऊ?"

मला हवं होतं तेच झालं होतं. आई येणार होती. ती उठून आत गेली, ट्रंक ओढल्याचा आवाज आला, तिने कपडे भरायला घेतले होते. दादांसाठी भरून आणलेला तो तांब्या मी तोंडाला लावला. दादा गेले हे मला तेव्हा कळलं. मी तिथेच, तापलेल्या इंजिनाशेजारी, मोठ्याने रडायला लागलो.

आईने ट्रंक भरणं थांबवलं नाही. आतूनच म्हणाली, "रड बाबा. मला वाटलं, मी एकलीच त्येंची वाट बघती."